दीड जीबी संपवायलाच हवा का?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७.

सहावा अध्याय ध्यानाचा आहे. आसन कसं असावं, बसावं कसं, नजर कुठे ठेवावी, हे सगळं सांगून झाल्यावर भगवंत अचानक अगदी घरगुती विषयावर येतात. ते अर्जुनाला सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपाळू माणसाला जमत नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही जमत नाही. मग ज्याला जमतं तो कोण? तर ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं 'युक्त' आहे तो.

ज्ञानेश्वर माउली या ठिकाणी मापाची भाषा करतात. जेवणाला माप, बोलण्याला माप, चालण्याला माप आणि झोपेलाही तिच्या वेळी तिचा मान. वाचताना वाटतं, एवढ्या मोठ्या ब्रह्मविद्येच्या ग्रंथात या बारीकसारीक गोष्टी कशाला? पण साधना मोडते ती बहुतेक वेळा याच बारीकसारीक गोष्टींमध्ये. तत्त्वज्ञान पटलं नाही म्हणून सकाळचा जप चुकला, असं क्वचितच होतं. तो चुकतो रात्री उशीर झाला म्हणून.

म्हणून आज या श्लोकाच्या उजेडात एक अगदी साधी गोष्ट बघू या. आपण फोन कोणता घेतो आणि त्यात रिचार्ज कोणता टाकतो. तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय धर्म-अधर्म? दुकानात जायचं, बजेट बघायचं, घ्यायचं. अॅप उघडायचं, प्लॅन निवडायचा, पैसे भरायचे, दोन मिनिटांत विषय संपला. पण ज्या वस्तूला आपण दिवसातून शंभर वेळा हात लावतो, तिचं माप ठरवताना आपण फक्त दोन मिनिटं विचार करतो, हेच जरा विचित्र नाही का?

युक्त म्हणजे कमी नव्हे

आधी शब्द नीट समजून घेऊ. 'युक्त' हा शब्द 'युज्' या धातूपासून आला, म्हणजे जोडणं. 'योग'सुद्धा त्याच धातूचा. म्हणजे युक्त याचा अर्थ 'थोडं' असा नाही आणि 'मधलं' असाही नाही. युक्त म्हणजे ज्याच्यासाठी आहे त्याला बरोबर जोडलेलं, शोभणारं, बसणारं. शेतात राबणाऱ्याच्या चार भाकरी युक्त असतात आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या दोनच पुरेशा असतात. भाकऱ्या मोजून कोण संयमी आणि कोण खादाड हे ठरवता येत नाही, कारण माप हे कामावरून ठरतं.

फोनच्या बाबतीतही तसंच आहे. पुण्यात एका खोलीत चौघांबरोबर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा सगळी लेक्चर्स मोबाइलवर बघत असेल, तर रोज दोन-अडीच जीबी हे त्याचं वह्या-पुस्तकांचं माप आहे. दिवसभर दुचाकीवर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाचा फोन म्हणजे त्याचं दुकान. त्याची बॅटरी दमदार हवी, नेटवर्क गल्लीबोळात लागायला हवं आणि डेटा दुपारी चार वाजता संपून चालणार नाही. रात्रपाळीला असलेली नर्स सुट्टीच्या दहा मिनिटांत गावाकडच्या लेकराला व्हिडिओवर बघते, तो भोग म्हणायचा का? अजिबात नाही.

याउलट ज्याच्या घरी वाय-फाय आहे, ऑफिसात वाय-फाय आहे, तो मोबाइलवर रोजचा तीन जीबीचा प्लॅन घेतो. का घेतो? "अरे, थोड्याच पैशांचा फरक आहे, असू दे." हा 'असू दे' फार गोड शब्द आहे. घरातली निम्मी अडगळ याच शब्दानं आत आलेली असते.

रात्री पावणेबाराचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे बहुतेकांचे प्लॅन रोजच्या कोट्याचे असतात. रोज एक, दीड, दोन किंवा तीन जीबी. रात्री बारा वाजले की उरलेला कोटा रद्द होतो आणि नवा सुरू होतो. आणि मग अनेक घरांत, अनेक होस्टेलांत एक वाक्य ऐकू येतं : "अजून सातशे एमबी आहे, संपवून टाकतो."

गंमत म्हणजे यात हावरटपणापेक्षा संस्कार जास्त आहे! काही वाया घालवू नये, ताटात टाकू नये, पैसे भरलेत ते वसूल व्हावेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तो संस्कार चांगलाच आहे. पण तो इथे चुकीच्या जागी लागू होतोय, आणि म्हणूनच हा प्रश्न नैतिक आहे. चांगली सवय जेव्हा चुकीच्या ठिकाणी वापरली जाते तेव्हा ती पकडणं फार अवघड जातं, कारण मन म्हणतं, मी तर योग्यच वागतोय.

जरा मागे जाऊन बघू. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. तेव्हा मिनिटामिनिटाला पैसे लागत, आणि समोरून आलेला फोन उचलायलाही लागत. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. त्याच काळात 'मिस कॉल' नावाची एक आख्खी भाषा आपण तयार केली. एक मिस कॉल म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा एक जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत आणि तो जीबी महिनाभर पुरवून वापरायचा असे. फोटो डाउनलोड करण्याआधीही माणूस विचार करायचा. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, काही महिने सगळं फुकट मिळालं, बाकीच्या कंपन्यांनाही दर उतरवावे लागले, आणि महिन्याचा जीबी रोजचा झाला.

हा बदल वाईट होता असं मुळीच नाही. या स्वस्त डेटामुळेच खेड्यातल्या मुलीला घरबसल्या शिकवणी मिळाली, भाजीवाल्या मावशींकडे यूपीआय आलं, आणि तुम्ही-आम्ही पंढरपूरचं दर्शन फोनवर घेऊ लागलो. पण एक गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. पूर्वी दुर्मीळ काय होतं? डेटा. म्हणून डेटा जपणं हा शहाणपणा होता. आता दुर्मीळ काय आहे? आपला वेळ, आपली झोप, आपलं लक्ष. म्हणजे जपायची वस्तू बदलली, पण जपण्याची सवय जुन्या वस्तूलाच चिकटून राहिली. आपण डेटा वाया जाऊ नये म्हणून रात्र वाया घालवतो.

थोडा हिशोब करू. डेटा संपवण्याच्या नादात रोज रात्री फक्त अर्धा तास गेला असं धरा. २८ दिवसांच्या एका रिचार्जमध्ये १४ तास. २८ दिवसांचे प्लॅन वर्षात १३ वेळा टाकावे लागतात (१३ गुणिले २८ म्हणजे ३६४ दिवस). म्हणजे वर्षाला १८२ तास. गीतेचे सगळे ७०० श्लोक एका दिवसात सावकाश वाचून होतात. आता १८२ तासांत काय काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा. वाचन राहू द्या, नुसती झोप झाली असती तरी भगवंतांनी १७ व्या श्लोकात सांगितलेलं काम झालं असतं.

ताटातलं अन्न आणि फोनमधला डेटा

इथे कुणी विचारेल, मग अन्न टाकणं पाप आणि डेटा टाकणं ठीक, असं कसं?

फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ताटात टाकलेल्या भातामागे शेतकऱ्याचे महिने आहेत, पाणी आहे, शिजवणाऱ्याचे हात आहेत, आणि तो भात दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जाऊ शकला असता. डेटा हे धान्य नाही. कंपनीच्या कोठारात तुमच्या नावाचं दीड जीबीचं पोतं भरून ठेवलेलं नसतं. दीड जीबी म्हणजे आज एवढं वापरायची परवानगी. परवानगी वापरली नाही तर काही नासत नाही. टोल भरलाय म्हणून कुणी मुंबई-पुणे रस्त्यावर विनाकारण दोन फेऱ्या जास्त मारतं का?

"पण पैसे तर भरलेत ना?" भरलेत. ते तुम्ही रिचार्ज केला त्या दिवशीच गेले. रात्री पावणेबाराला तुम्ही जागलात तरी गेले आणि झोपलात तरी गेले. त्या क्षणी तुमच्या हातात पैशांचा निर्णय शिल्लकच नाही. शिल्लक आहे फक्त एका तासाचा निर्णय. गेलेल्या पैशांना परत आणण्यासाठी आपण त्यांच्यामागे अजून एक तास पाठवतो, आणि तोही परत येत नाही.

आणि जेवणाचंच उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या. ताटात टाकू नये हा नियम दुसरा. पहिला नियम आहे, लागेल तेवढंच वाढून घ्यावं. महाप्रसादाच्या पंगतीत वाढपी आग्रहानं भाताचा ढीग घालायला येतो तेव्हा आपण काय करतो? पानावर हात आडवा धरतो. "बास, माउली." त्यात वाढप्याचा अपमान नसतो आणि प्रसादाचाही नसतो. रोज रात्री बारा वाजता आपल्या पानात पुन्हा दीड जीबी वाढला जातो, न मागता, न चुकता. आपण हात आडवा धरायला विसरलोय, एवढंच.

हां, एक गोष्ट मात्र आहे. उरलेला डेटा साठवता येत नसला तरी त्या वेळेपुरता वाटता येतो. रूममेटचा कोटा संपलाय आणि त्याला परीक्षेचा फॉर्म भरायचाय, रेल्वेत शेजारच्या आजोबांना मुलीला फोटो पाठवायचाय, तर हॉटस्पॉट चालू करून द्या. 'संपवायचा'च असेल तर असा संपवा.

मग प्लॅन निवडायचा कसा?

आता थोडं व्यवहारात येऊ, कारण युक्त हा शब्द व्यवहारातच सिद्ध होतो.

पहिली गोष्ट. आपल्या वापराचा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये दिसतो. तो बघितलात तर एक मजेशीर गोष्ट कळेल. मेसेज, यूपीआय, नकाशा, तिकीट, इमेल, बँक, म्हणजे ज्याला आपण 'फोनशिवाय चालत नाही' म्हणतो ते सगळं मिळून फारसा डेटा लागतच नाही. बहुतेकांचं दिवसाला शे-दोनशे एमबीत भागतं. जो काही मोठा आकडा असतो तो व्हिडिओचा. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी घेतो, आणि चांगल्या दर्जाचा त्याच्या दुप्पट किंवा जास्तच. म्हणजे दीड की दोन की तीन जीबी, हा प्रश्न खरंतर असा आहे की मी रोज किती तास व्हिडिओ बघणार आहे? प्लॅन निवडताना हे वाक्य मनात असं स्पष्ट म्हणून बघा. "मला रोज तीन तास बघायचंय." असं म्हणून मग पैसे भरा. कीर्तन ऐकायचं असेल, कोर्स करायचा असेल, तर जरूर भरा. निदान आपण कशाला हो म्हणतोय हे तरी कळेल.

दुसरी गोष्ट. पर्याय आहेत, आणि ते वापरणं म्हणजे कंजूषपणा नव्हे. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. २८ दिवसांची कटकट नको असेल तर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवायला सांगितलंय. डिसेंबर २०२४ मध्ये तर डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅनही द्यायला सांगितले.

तिसरी गोष्ट, आणि ही प्रामाणिकपणे सांगायला हवी. कधीकधी लहान प्लॅन मिळतच नाही, किंवा लहान आणि मोठ्यात फरक इतका थोडा असतो की मोठा घेणंच शहाणपणाचं ठरतं. मग खुशाल मोठा घ्या. पण मोठं ताट घेतलं म्हणून ते भरलंच पाहिजे असं नाही. १७ वा श्लोक बाजारातल्या ताटाचा आकार ठरवत नाही, जेवणाऱ्याचं माप ठरवतो. मोठा प्लॅन घेऊन रात्री साडेदहाला शांतपणे सव्वा जीबी तसाच सोडून झोपणारा माणूस युक्त आहे. आणि एक जीबीचा प्लॅन घेऊन तो दुपारीच संपवून, मग वरचा डेटा पॅक टाकत बसणारा तेवढा नाही.

विषयाचं 'ध्यान'

फोन घेण्याबद्दलही थोडं बोलू. दुसऱ्या अध्यायाच्या ६२ व्या श्लोकात भगवंत एक साखळी सांगतात. माणूस विषयांचं चिंतन करत राहतो, त्यातून ओढ लागते, ओढीतून कामना, कामनेतून क्रोध, आणि पुढच्या श्लोकात ही घसरण थेट बुद्धीच्या नाशापर्यंत जाते. यातली बारीक गोष्ट अशी की या पहिल्या पायरीसाठी श्लोकात जो धातू वापरलाय तो ध्यानाचाच आहे. म्हणजे ध्यान आपल्याला जमत नाही, ही तक्रार तशी खोटीच! तीन आठवडे रोज एकाच मॉडेलचे रिव्ह्यू बघणं, दोन रंगांमध्ये कुठला घ्यावा म्हणून झोपेतही विचार करणं, सेलची तारीख तोंडपाठ असणं, हे एकाग्र ध्यानच आहे. फक्त ध्यानाचा विषय वेगळा आहे.

म्हणून 'हा फोन घेऊ का?' हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा विचारला जातो. तोपर्यंत मनानं तो घेतलेलाच असतो, आता फक्त हप्ते बसवायचे असतात. आणि मग बुद्धी वकिली करायला लागते : कॅमेरा कामाला लागेल, नो-कॉस्ट ईएमआय आहे, जुना फोन स्लो झालाय. एखादं कारण खरंही असतं. पण कारण आधी आलं आणि इच्छा नंतर, की इच्छा आधी आली आणि कारण तिला शोधत आलं, एवढं स्वतःला विचारावं.

इथेही महाग म्हणजे वाईट आणि स्वस्त म्हणजे सात्त्विक, असा सोपा हिशोब नाही. २०२३-२४ पासून काही कंपन्या आपल्या वरच्या मॉडेल्सना सात वर्षांपर्यंत सॉफ्टवेअर अपडेट देण्याचं सांगताहेत. ज्याला खरंच सहा-सात वर्षं एकच फोन वापरायचाय, त्याला तो महागडा फोन युक्त असू शकतो. आणि दर दीड वर्षानं 'स्वस्तात मस्त' म्हणून नवा फोन घेऊन जुने कपाटाच्या खणात भरून ठेवणारा माणूस काटकसरी म्हणवत असला, तरी त्याचा खणच खरं काय ते सांगतो.

कीपॅड फोनचा अहंकार

आता दुसरं टोक. भगवंतांनी 'अजिबात न खाणाऱ्यालाही योग नाही' असं का म्हटलं असेल? कारण साधकाला हे टोक जास्त आवडतं. त्यात मिरवता येतं.

"मी स्मार्टफोन वापरतच नाही. साधा कीपॅडचा फोन. एकदम शांत." ऐकायला किती छान वाटतं! आणि ज्याला हे खरंच झेपतं त्याला माझा नमस्कार आहे. पण अशा काहींच्या घरात जरा डोकावून बघा. रेल्वेचं तिकीट कोण काढतं? बायको. वीजबिल कोण भरतं? भाऊ. ऑफिसचा ग्रुपवरचा मेसेज कोण कळवतं? शेजारच्या टेबलावरचा सहकारी. म्हणजे यांची शांती दुसऱ्यांच्या फोनवर चालते. १८ व्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात भगवंत स्पष्ट सांगतात की कष्टदायक वाटतं म्हणून, त्रास नको म्हणून केलेला त्याग हा राजस त्याग, त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. आपल्या वाट्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून आपण हलके होणं, याला वैराग्य म्हणता येणार नाही.

म्हणून दुसऱ्याच्या हातातला फोन बघून त्याची भक्ती मोजू नका. मंदिरात सभामंडपात बसून स्क्रीनकडे बघणारा मुलगा कदाचित हरिपाठच वाचत असेल. माप प्रत्येकाचं वेगळं, आणि ते आतून मोजायचं असतं.

आईचा रिचार्ज

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण फक्त स्वतःचाच प्लॅन निवडत नाही. शहरात राहणारे आपल्यातले पुष्कळ जण गावाकडच्या आई-बाबांचा, आजीचा रिचार्जही इथूनच करतो. तो कसा निवडतो?

एक प्रकार असा : "आईला काय करायचंय नेट? स्वस्तातला टाक." आपला जुना, बॅटरी फुगत आलेला फोन तिला, आणि नवा आपल्याला. दुसरा प्रकार असा : आपण फोन करू शकत नाही म्हणून मनाला लागलेली टोचणी घालवायला तिला रोज दोन जीबीचा वर्षभराचा प्लॅन टाकून द्यायचा. "बघत बसेल काहीतरी." पहिल्यात कंजूषपणा आहे, दुसऱ्यात उदारपणा दिसतो. पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे. आईला कुणी विचारलंच नाही.

कदाचित तिला नातवाला बघायचं असेल, तर तिला डेटा हवाच आणि बरा कॅमेराही हवा. कदाचित तिला ते टचस्क्रीन नकोसं वाटत असेल, मोठ्या बटणांचा फोन आणि नुसते कॉल पुरत असतील. कदाचित तिच्या घरात आपण वापरतो त्या कंपनीची रेंजच येत नसेल आणि ती रोज ओट्यावर येऊन बोलत असेल. हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. युक्त म्हणजे जोडलेलं, हे आपण वर बघितलं. दुसऱ्यासाठी निवडताना माप त्या माणसाच्या गरजेला जोडायचं, आपल्या अंदाजाला नाही. आणि तिचा रिचार्ज संपण्याची तारीख आपल्या लक्षात हवी. रिचार्ज संपून काही दिवस गेले की तिचं इनकमिंगही बंद होतं, मग बँकेचा ओटीपी येत नाही, दवाखान्याचा फोन लागत नाही, आणि तिला वाटत राहतं की आज कुणाचा फोनच कसा आला नाही.

ज्या काळात मिनिटाला पैसे लागत होते तेव्हा मुलगा रविवारी एसटीडी बूथच्या रांगेत उभा राहून, पुढे सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत घरी बोलायचा. आज जवळजवळ प्रत्येक प्लॅनवर 'अमर्याद कॉल' असं लिहिलेलं असतं. डेटा संपवायची आपल्याला घाई असते, पण हे अमर्याद मात्र कुणी 'वसूल' करत नाही. या अमर्याद कॉलमधली पंधरा मिनिटं रोज वापरली तर कुणाचंही माप बिघडणार नाही.

आजचा संकल्प

पुढचा रिचार्ज टाकण्याआधी तीन गोष्टी करून बघू या.

१. गेल्या २८ दिवसांत डेटा किती लागला आणि त्यातला व्हिडिओवर किती गेला, हे सेटिंगमध्ये जाऊन बघायचं. स्वतःला रागवायचं नाही, नुसतं बघायचं.

२. आज रात्री जेवढा डेटा उरेल तेवढा मुद्दाम उरू द्यायचा, आणि ठरलेल्या वेळी फोन बाजूला ठेवायचा. मन म्हणेल, 'वाया गेला.' त्याला म्हणायचं, पानावर हात आडवा धरलाय.

३. घरी ज्यांचा रिचार्ज आपण करतो त्यांना एक फोन लावायचा आणि विचारायचं : "तुला या फोनवर काय करायला आवडतं? काय जमत नाही?" मग शांतपणे ऐकायचं. घाई नाही, कॉल अमर्याद आहेत.

उद्याचं चिंतन याच अध्यायातल्या पुढच्या श्लोकांवर, वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याबद्दल. पहाटे भेटू. लवकर झोपा.

राम कृष्ण हरी!